झुकिनी, टोमॅटो, काकड्या एकदम आल्यात: पाव, थालीपीठ, साठवण कसं करावं?

केळफूल

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑगस्ट लागला की परसातलं सगळं एकदमच तयार होतं: झुकिनी, रोमा आणि चेरी टोमॅटो, काकड्या, हिरव्या मिरच्या. रोजच्या भाजी-कोशिंबिरीत खपेल तेवढं खपवतेच, पण उरलेल्याचंही नीट काहीतरी व्हावं असं वाटतं. सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून बेकिंग बिनअंड्याचंच हवं.

१. झुकिनीचा गोड पाव वरून छान तांबूस होतो, पण मधे चिकट राहतो आणि गार होताना बसतो. कृतीत दोन कप कीस लिहिलेला असतो, तेवढाच घालते. कीस पिळायचा की नाही?
२. पानाआड राहून हातभर वाढलेल्या झुकिनीचं काय करायचं?
३. टोमॅटो शिजवून, वर कांदा-लसणाची फोडणी घालून काचेच्या बरण्यांत हवाबंद केले तर थंडीभर बाहेर फळीवर टिकतील का?
४. जून होऊन पिवळ्या पडलेल्या काकड्या टाकवत नाहीत. त्यांचं काही होतं का?

ओव्हन साधा गॅसचा आहे, पंख्याचा नाही.

---

चिमूटभर जायफळ

पहिल्या प्रश्नाचं सांगते. घोळ कपात आहे. झुकिनीचा कीस कपात हलक्या हाताने भरला तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतो, दाबून भरला तर सहज दीडपट. झुकिनीत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे कपातली ही तफावत म्हणजे पिठात गेलेलं जास्तीचं पाणीच. तेवढं पाणी तासाभरात मधून निघून जात नाही. कड शिजते, वर साल धरते आणि आतल्या वाफेवर पाव उभा राहतो. बाहेर काढला, वाफ गेली, की बसला. म्हणून कीस वजनावर घ्या.

३०० ग्रॅम कीस घ्या, मध्यम भोकांच्या किसणीवरचा. बारीक किसणीने लगदा होतो. दहा मिनिटं चाळणीत ठेवा, मग पातळ फडक्यात घेऊन २०० ग्रॅम राहीपर्यंत पिळा. मीठ लावू नका, पाव खारट होतो. त्याहून कोरडाही पिळू नका, पाव भुसभुशीत होईल. निथळलेलं पाणी पोळ्यांची कणीक भिजवायला वापरता येतं.

बाकी साहित्य: कणीक १२५ ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, गुळाची पावडर १५० ग्रॅम, घट्ट दही १२० ग्रॅम, बिनवासाचं तेल १०० मिली, बेकिंग पावडर दीड टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, किसलेलं जायफळ पाव टीस्पून, वेलची, हवे असतील तर मूठभर अक्रोड. सोडा दह्याच्या आणि गुळाच्या आंबटपणापुरताच आहे. 'आणखी हलका व्हावा' म्हणून वाढवलात तर पीठ भराभर फुगून मधे खचतं आणि साबणासारखी चव मागे राहते.

दही, गूळ आणि तेल गूळ विरघळेपर्यंत फेटा. त्यात कीस घाला. कोरडं सगळं दोनदा चाळून वरून घाला आणि उलथन्याने खालून वर असं ढवळा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गुठळी राहिली तरी चालते. जास्त घोटलं की कणकेतला चिकटपणा जागा होतो, पाव रबरासारखा होतो आणि आत लांबट बोगदे पडतात. सोडा आणि दही एकत्र आले की लगेच काम सुरू करतात, म्हणून ओव्हन आधीच तापलेला हवा. पीठ ओट्यावर वाट बघत ठेवू नका.

साडेआठ बाय साडेचार इंचाचं भांडं दोन तृतीयांशच भरा, उरलेल्या पिठाचे मफिन करा. ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १७५ सेल्सियस, मधला कप्पा, ५५ ते ६५ मिनिटं. भांडं काळं असेल तर २५ अंश फॅरनहाइट कमी ठेवा, कारण काळा पत्रा कड लवकर भाजतो आणि मध्य मागे पडतो. पहिली ४० मिनिटं दार उघडू नका. नंतर वरून रंग जास्त वाटला तर फॉइल सैल टाका.

सुरी घालून बघण्यावर या पावात फार भरवसा ठेवू नये. झुकिनीचा धागा लागला तर सुरी ओली दिसते, आणि नेमकी शिजलेल्या जागी गेली तर मधे कच्चं असूनही कोरडी येते. स्वयंपाकाचा थर्मामीटर मध्यात घाला. २०० ते २०५ फॅरनहाइट दाखवला की झाला. गॅसच्या ओव्हनच्या खटक्यावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो, त्यामुळे आत टांगायचा एक थर्मामीटरही घेऊन ठेवा. तो महाग नसतो.

भांड्यात पंधरा मिनिटं, मग जाळीवर. भांड्यातच गार केलात तर वाफ खाली साचून बूड ओलं होतं. कापायचा तो पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, तेव्हा चांगला भाजलेला पावही चिकट लागतो.

---

भाजणीचा डबा

हातभर वाढलेली झुकिनी फुकट जात नाही. उभी चिरून, मधला भुसभुशीत गाभा आणि टणक झालेल्या बिया चमच्याने खरवडून टाका. साल नखाने टोचत नसेल तर तीही काढा. उरलेला गर दुधीसारखा वापरायचा. हलवा मात्र करू नये असं माझं मत. दुधीला जो दाणेदारपणा येतो तो झुकिनीला येत नाही, दुधात तिचा लगदा होतो.

एक गोष्ट आधी करा: कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडूजहर लागला तर अख्खी झुकिनी फेकून द्या. दुधी, काकडी, झुकिनी एकाच कुळातल्या. त्यांच्यातला कडवटपणा कुकुर्बिटासिनचा असतो, तो शिजवून जात नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. 'मसाल्यात कळणार नाही' असं म्हणून रेटू नका.

थालीपीठ: दोन कप भाजणीला साधारण २५० ग्रॅम कीस, इथे न पिळता. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, तीळ, ओवा, हळद, तिखट. वरून पाणी घालायचं नाही. कीस आणि भाजणी कोरडीच एकत्र चोळून दहा मिनिटं झाकून ठेवा, भाजणी आपली आपण पाणी ओढून घेते. मीठ थापायच्या अगदी आधी. मीठ घालून गोळा ठेवला की पाणी सुटतच राहतं, शेवटची थालीपिठं सैल होऊन फडक्याला चिकटतात आणि मग आपण भाजणी वाढवत बसतो. सगळं पीठ एकदम मळूच नका, दोन-तीन थालीपिठांपुरतं मीठ घालत जा. मध्यम आचेवर, भोकांत तेल सोडून, पहिल्या बाजूला झाकण ठेवून. नेहमीपेक्षा मिनिटभर जास्त लागतं.

पीठ पेरून भाजी: अर्धा किलो झुकिनीला अर्धा कप बेसन. बेसन आधी कोरडंच खमंग भाजून ठेवा. पसरट कढईत तीन चमचे तेलाची मोहरी, हिंग, हळदीची फोडणी, त्यात अर्ध्या इंचाच्या फोडी, आच मोठी, झाकण नाही. झाकलं की तिचं सूप झालंच म्हणून समजा. कडा तांबूस झाल्या की तिखट, मीठ, चिमूटभर साखर. मिठाने पाणी सुटायला लागतं तेवढ्यात बेसन भुरभुरवा आणि आता दोन मिनिटं झाकण. सुटणाऱ्या पाण्यातच बेसन शिजतं. झाकण काढून एकदा परतलंत की मोकळी भाजी तयार.

आणि मुळात पीक आवरायचं असेल तर फुलं खा. भोपळ्याच्या फुलांची भजी करतो तशीच. नर फूल ओळखायला सोपं: देठ बारीक आणि लांब, फुलाखाली इवलीशी झुकिनी नसते. सकाळी उमललेली तोडा, आतला पिवळा दांडा काढा, मुंग्या झटका. परागणासाठी काही नर फुलं झाडावर राहू द्या. बेसनात थोडं तांदळाचं पीठ, पीठ पातळसरच. जाड पीठ लावलं तर फुलाची चवच लागत नाही.

---

बरणीचं झाकण

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते: फोडणी दिलेला टोमॅटो बरणीत हवाबंद करून फळीवर ठेवू नका.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतोच. त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. हवा नाही, आंबटपणा कमी, उबदार जागा, असं मिळालं की ते वाढतात आणि विष तयार करतात. बरणीला वास येत नाही, झाकण फुगतंच असंही नाही. आंबटपणाची सीमारेषा पीएच ४.६. आकडा त्याच्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, की धोका. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, जात आणि पिकलेपणा बघून कधी खाली, कधी वर. कांदा, लसूण, ढोबळी मिरची घातली की मिश्रण वरच सरकतं. तेलाने उष्णता आतपर्यंत पोचायलाही अडथळा होतो.

नुसता टोमॅटो मात्र घरी सुरक्षित साठवता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची ठेचलेल्या टोमॅटोची पद्धत ही:

उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, लगेच गार पाण्यात, साल सोला, देठाचा कडक भाग काढा, चार फोडी करा. साधारण सहावा हिस्सा फोडी आधी पातेल्यात घालून मोठ्या आचेवर चेचत चेचत उकळा, मग बाकीच्या हळूहळू घाला, पाच मिनिटं उकळू द्या. सगळं एकदम चिरून ठेवून मग गॅस पेटवला तर टोमॅटोतली विकरं (एन्झाइम) त्याला दाटपणा देणारं पेक्टिन मोडून टाकतात आणि बरणीत खाली पाणी, वर चोथा असे दोन थर पडतात. लगेच तापवलं की ते थांबतं.

प्रत्येक पाइंटच्या (साधारण अर्ध्या लिटरच्या) बरणीत बाटलीतला लिंबाचा रस १ टेबलस्पून, क्वार्टच्या (साधारण लिटरभराच्या) बरणीत २. किंवा सायट्रिक ॲसिड पाइंटला पाव टीस्पून, क्वार्टला अर्धा. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो म्हणून बाटलीतलाच. आंबट वाटलं तर बरणीत साखर घाला, रस कमी करू नका. वर अर्धा इंच जागा सोडा, बरणीची कड पुसा, झाकण बोटाच्या टोकांनी लागेल तेवढंच घट्ट. बरण्यांवर इंचभर पाणी येईल इतक्या पाण्यात उकळवा: पाइंट ३५ मिनिटं, क्वार्ट ४५ मिनिटं, वेळ मोजायचा तो पाणी खळखळायला लागल्यावर. हे आकडे समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंतचे. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी उंचीप्रमाणे वेळ वाढवायचा. एका क्वार्टला पावणेतीन ते तीन पौंड टोमॅटो धरा. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मधोमध बोटाने दाबा. टक्‌ असं खालीवर झालं तर हवा आहे, ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा.

फोडणी थंडीत, बरणी उघडल्यावर द्या. नाहीतर फोडणी दिलेली ग्रेव्ही फ्रीझरमध्ये ठेवा, तिथे हा प्रश्न येत नाही. पिशव्या आडव्या, सपाट गोठवा, लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. आणि ज्यांना सालं काढायचा कंटाळा आहे त्यांनी रोमा धुऊन अख्खेच पिशवीत घालून गोठवावेत. काढून कोमट पाण्यात धरले की साल हातात येते. सारासाठी एवढं पुरतं. नारळाचं दूध घालणार असाल तर टोमॅटोचा कोळ आधी चांगला उकळून घ्या, दूध शेवटी घाला आणि नंतर उकळी आणू नका, फुटतं.

चेरी टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर, थोडं तेल आणि मीठ, २७५ फॅरनहाइटला दीड-दोन तास. सुरकुततात पण चिवट होत नाहीत. तेही फ्रीझरमध्येच. झुकिनी बरणीत भरायचा विचारही नको, तिला आंबटपणाच नाही. किसून, ३०० ग्रॅमच्या पिशव्या करून, वजन वर लिहून गोठवा. वितळल्यावर पाणी आपोआप सुटतं, पिळायला कमी कष्ट.

---

केळफूल

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. बरण्यांचा बेत रद्द, फोडणीची ग्रेव्ही फ्रीझरमध्ये. आणखी दोन गोष्टी: पाव पूर्ण कणकेचा होईल का? आणि मिरच्यांचा लसूण घालून केलेला ठेचा तेलात बुडवून बाहेर ठेवला तर? मिरची तिखट असते म्हणून टिकते असं ऐकलंय.

---

चिमूटभर जायफळ

होईल, पण आपली चक्कीची कणीक पाणी जास्त पिते. दळताना तिच्यातला स्टार्च बराच तुटलेला असतो. २५० ग्रॅम कणीक घ्या आणि कीस २०० च्या ऐवजी २३० ग्रॅमपर्यंतच पिळा, बाकी सगळं तेच. पाव थोडा बुटका आणि घट्ट होतो, चवीला मात्र जास्त खमंग. 'व्होल व्हीट पेस्ट्री फ्लोअर' नावाचं पीठ मिळालं तर मैद्याची आठवणही येणार नाही.

---

बरणीचं झाकण

तिखटपणाने हा जिवाणू थांबत नाही, आंबटपणाने थांबतो. कच्चा लसूण तेलाखाली, बाहेरच्या उबेत, ही त्याला अगदी सोयीची जागा आहे. लसणाचा ठेचा फ्रीजमध्ये चार दिवस, त्यापुढचा बर्फाच्या ट्रेमध्ये टेबलस्पूनभराचे ठोकळे करून फ्रीझरमध्ये. मिरच्या जास्त असतील तर धुऊन, पूर्ण कोरड्या करून, देठासकट गोठवा. ओल्या ठेवल्या तर एकमेकींना चिकटतात. चिरताना वितळवू नका, गोठलेल्याच सुरीखाली सहज जातात.

---

हळदीचं पान

जून काकडी म्हणजे तवसोळीचा, म्हणजे काकडी-रव्याच्या गोड केकचा, मुहूर्त! कोकणात, गोव्यात तवशाची (मोठ्या काकडीची) करतात, कुठे तिला धोंडस म्हणतात. पूर्वी पातेल्याच्या खाली-वर निखारे ठेवून भाजत असत. ओव्हन तेच काम करतो. अंडं नाही, सोडाही नाही. सासूबाईंना नक्की चालेल.

काकडी सोला, दोन्ही टोकं चाखून बघा, कडू असेल तर बाद. उभी चिरून बियांचा गाभा चाळणीत काढा आणि दाबून त्यातला रस घ्या, बिया टाका. गर किसा. कीस आणि रस मिळून ३५० ग्रॅम हवा. इथे पिळायचा नाही, हे पाणी रव्यासाठीच आहे.

जाडा रवा १ कप दोन टेबलस्पून तुपावर वास सुटेपर्यंत भाजा, तांबूस नको. बारीक रवा घेतलात तर तवसोळी शिऱ्यासारखी लागते. कीस, रस आणि १३० ग्रॅम चिरलेला गूळ एकत्र पाच मिनिटं उकळा, कोमट होऊ द्या. उकळतं मिश्रण रव्यावर ओतलं तर गुठळ्या होतात, आणि कच्चाच कीस घातला तर भाजताना पाणी सुटून बूड गिच्च राहतं. अर्धा कप ओलं खोबरं, चिमूट मीठ, चिमूट हळद, वेलची, काजूचे तुकडे. रवा मिसळून अर्धा तास झाका. इडलीच्या पिठापेक्षा थोडं घट्ट हवं, फारच आळलं तर नारळाचं दूध घाला.

आठ इंची भांड्याला तूप लावा, हळदीचं पान मिळालं तर तळाला पसरा. वर चमच्याने सपाट करून, कडेने तूप सोडून ३५० फॅरनहाइटला ४५ ते ५० मिनिटं. कड सुटली आणि वरचा रंग खरपूस झाला की काढा. फुगणार नाही, ती दाटच असते. गार झाल्यावर वड्या कापा, गरम असताना मोडतात. बरोबर लोणी.

याच मापाने पिकलेल्या भोपळ्याचीही होते. भोपळ्याला रस कमी, म्हणून पाऊण कप नारळाचं दूध धरा.

---

भाजणीचा डबा

सप्टेंबर-ऑक्टोबरात वेलावर हिरवे टोमॅटो उरतील, त्याचं आताच सांगून ठेवते. कडक थंडी पडायच्या आधी सगळे उतरवा, दंव लागलेले पिकत नाहीत, सडतात. जे थोडे पांढुरके-पिवळसर झालेत ते एकेक कागदात गुंडाळून, एका थरात खोक्यात, ६० ते ७० फॅरनहाइट असेल अशा खोलीत ठेवा. फ्रीजमध्ये नको. एक दिवसाआड बघा, डागाळलेला लगेच बाजूला काढा.

गर्द हिरवे, टणक ते चटणीला. चार मध्यम टोमॅटोच्या फोडी, तीन-चार मिरच्या, चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत परता, पाणी आटलं पाहिजे. त्यात पाव कप भाजलेले दाणे, एक टेबलस्पून भाजलेले तीळ, जिरं, मीठ, सुपारीएवढा गूळ. गार करून भरड वाटा. गरम वाटलंत तर दाण्यांना तेल सुटून ती चिकट होते. वर हिंग-मोहरीची फोडणी. भाकरीबरोबर खा, आणि फ्रीजमध्ये चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.